देवळातला माईक, दानपेटी आणि आपलं मत

आम्ही डोणगावहून बोलतो आहोत. स्वयंपाक चालू असेल तर चालू द्या, हात चालवत ऐका.

आमच्या गटाची बैठक देवळाच्या सभामंडपात भरते. तुमच्यापैकी कितीतरी गटांची तिथंच भरत असेल, कारण गावात बायांना हक्कानं बसायला दुसरी जागा कुठं आहे? ग्रामपंचायतीच्या कार्यालयात बसायचं तर शिपायाला किल्ली मागावी लागते. देवळात कुणी विचारत नाही. म्हणूनच एका बैठकीत निघालेला प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटला. निवडणूक आली की देवळाच्या माईकवरून, सप्ताहाच्या मांडवातून, मशिदीतून किंवा चर्चमधून “अमक्यालाच मत द्या” असं सांगितलं तर चालतं का? आणि त्या माईकचं, त्या मांडवाचं भाडं दानपेटीतून दिलं असेल तर?

आधी आमच्यावरची एक अट सांगून टाकतो. सामुदायिक रेडिओला सरकार परवाना देतं, तेव्हाच लिहून घेतं की राजकीय स्वरूपाचा कार्यक्रम करायचा नाही. त्यामुळे आज कुठल्या पक्षाचं किंवा पॅनलचं नाव आमच्या तोंडून येणार नाही. न्यायालयाच्या निवाड्यात जी नावं आहेत, तेवढीच येतील. कायदा काय म्हणतो हे सांगायला मात्र बंदी नाही.

तर पहिल्यांदा पैशाचं बघू. आपण किराणा आणतो, साबण आणतो, मोबाईलमध्ये पैसे भरतो, त्या प्रत्येकात कर असतो. गरीब बाईही भरते, श्रीमंतही भरतो. पण नोंदणी केलेल्या धार्मिक किंवा धर्मादाय संस्थेच्या उत्पन्नावर सरकार प्राप्तिकर मागत नाही. मंदिर असो, मशीद असो, चर्च असो, गुरुद्वारा असो की बुद्धविहार. अट एवढी की आलेल्या उत्पन्नातले साधारण ८५ टक्के संस्थेच्या ठरलेल्या कामावर खर्च झाले पाहिजेत, हिशेब तपासून घेतला पाहिजे आणि संस्थेचा पैसा किंवा वस्तू विश्वस्तांच्या, त्यांच्या नातेवाइकांच्या फायद्यासाठी वापरता कामा नये. एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू झाला, कलमांचे आकडे बदलले, पण ही सवलत आणि तिच्या मुख्य अटी राहिल्या.

आता यात आपला संबंध काय? सरकार ज्याच्याकडून कर घेत नाही, त्याच्या वाट्याचा रस्ता, दवाखाना, शाळा बाकीच्यांच्या पैशातून होते. म्हणजे संस्थानाला मिळालेल्या करमाफीत त्या देवळात पाऊल न ठेवणाऱ्या बाईचाही वाटा असतो. विरुद्ध पॅनलच्या बाईचाही असतो. संस्थानाची जीप एका उमेदवाराच्या प्रचाराला फिरली, तर ती आपल्या सगळ्यांच्या पैशावर फिरली. आणि तो उमेदवार स्वतःच विश्वस्त असेल, तर प्राप्तिकर कायद्याच्या हिशेबानेही ते चुकीचं आहे. तेवढ्या रकमेवर कर लागू शकतो.

गुप्तदानाचंही असंच आहे. दवाखाना किंवा शाळा चालवणाऱ्या धर्मादाय संस्थेला नाव न सांगता मोठ्या देणग्या आल्या, तर ठरावीक मर्यादेपुढच्या रकमेवर ३० टक्के कर लागतो. निव्वळ धार्मिक संस्थेला मात्र यातून वगळलं आहे. कायद्याने आपल्या दानपेटीचा मान ठेवला आहे. कोण किती टाकतं हे विचारायचं नाही, देव जाणे आणि देणारा जाणे. आम्हाला ही सवलत योग्य वाटते. पण ज्या पेटीत कुणाचे पैसे आले हे कुणी विचारत नाही, त्या पेटीतून कुणाला पैसे गेले हे तरी विचारायला पाहिजे की नाही?

आता कुणी म्हणेल, बाई, आपल्या मारुतीच्या पेटीत वर्षाला येतात किती? खरं आहे. गावच्या लहान देवळाचं उत्पन्न इतकं थोडं असतं की प्राप्तिकराचा प्रश्नच येत नाही. ती सगळी गोष्ट मोठ्या संस्थानांची. आपल्याला लागू पडतो तो दुसरा कायदा. तो फार कमी जणांना माहीत आहे, म्हणून त्यावर जरा थांबू.

१९८८ साली संसदेने धार्मिक संस्थांचा गैरवापर रोखणारा कायदा केला. तेव्हा पंजाब पेटलेला होता. सुवर्णमंदिरात हत्यारबंद लोक शिरून बसले होते आणि त्यांना बाहेर काढण्यासाठी त्याच वर्षी मे महिन्यात कारवाई झाली होती. कायदा आला त्या प्रसंगातून, पण लागू झाला सगळ्या धर्मांच्या सगळ्या प्रार्थनास्थळांना. त्यात हत्यारं साठवू नका, गुन्हेगार लपवू नका हे तर आहेच. शिवाय असं आहे की देवस्थानाची जागा राजकीय कामासाठी वापरायची नाही, वापरू द्यायचीही नाही. देवस्थानाचा पैसा किंवा मालमत्ता राजकीय पक्षाच्या फायद्यासाठी किंवा राजकीय कामासाठी लावायची नाही. देवस्थानाच्या वतीने होणारा उत्सव, मेळावा, मिरवणूक त्यासाठी वापरायची नाही. मोडला तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड.

राजकीय काम म्हणजे काय, तेही कायद्यात दिलं आहे. सभा, मोर्चे, पैसे गोळा करणं, पैसे वाटणं, आदेश किंवा फतवा काढणं. उमेदवाराच्या वतीने केलेलं काम त्यात धरलं आहे, आणि उमेदवार कुठला? लोकसभेचा, विधानसभेचा आणि स्थानिक संस्थेचासुद्धा. म्हणजे ग्रामपंचायत आणि पंचायत समिती यातून सुटत नाहीत. जबाबदार कोण, तर देवस्थानाचा कारभार ज्याच्या हातात आहे तो. पुजारी, मौलवी, पाद्री, विश्वस्त, अध्यक्ष, त्याला कुठल्याही नावानं ओळखलं तरी.

हे ऐकल्यावर आमच्यातली एक जण म्हणाली, मग सप्ताहातल्या पंगतीचं काय? प्रश्न नेमका आहे. काल्याच्या दिवशी अमक्या भाऊंकडून महाप्रसाद, म्हणून माईकवर नाव पुकारतात. एरवी कुणीही पंगत द्यावी, त्यात वावगं काही नाही. पण तेच भाऊ महिन्यावर आलेल्या निवडणुकीत उभे असतील, कीर्तन थांबवून त्यांचा शाल-श्रीफळानं सत्कार होत असेल आणि महाराज “यांना साथ द्या” म्हणत असतील, तर तो उत्सव प्रचाराला लावला असंच म्हणावं लागेल. महाप्रसाद खाल्लेल्या बाईचा त्यात काही दोष नाही. ज्यानं व्यासपीठ दिलं त्यानं उत्तर द्यायचं.

देवाच्या नावावर याहून मोठा सौदाही आपल्या महाराष्ट्रात झाला. जानेवारी २०२१ मध्ये राज्यातल्या चौदा हजारांहून जास्त ग्रामपंचायतींच्या निवडणुका लागल्या होत्या. त्यात नाशिक जिल्ह्यातल्या देवळा तालुक्यातलं उमराणे आणि नंदुरबार तालुक्यातलं खोंडामळी या दोन गावांत सरपंचपदाचा लिलाव झाला. उमराण्यात बोली गेली दोन कोटी पाच लाखांवर, आणि पैसा लागणार होता मंदिराच्या बांधकामाला. खोंडामळीत बोली ४२ लाखांची. लिलावाच्या चित्रफिती बाहेर आल्या. राज्य निवडणूक आयुक्त यू. पी. एस. मदान यांनी अहवाल मागवले आणि मतदानाच्या तोंडावर दोन्ही गावांची निवडणूक रद्द केली.

लिलाव करणाऱ्यांचं म्हणणं काय असतं ते आपल्याला माहीत आहे. भांडणं टळतात, निवडणुकीचा खर्च वाचतो, देवाचं काम होतं, कुणाच्या खिशात तर जात नाही ना पैसा. ऐकायला गोड आहे. पण बोली लावायला कोण बसतं? आपण बसू शकतो का? आपल्या राज्यात पंचायतीच्या निम्म्या जागा बायांसाठी राखीव आहेत. जागा लिलावात गेली की ती ज्याच्याकडे दोन कोटी आहेत त्याच्या बायकोकडे किंवा सुनेकडे जाणार. मजुरी करणारी, गटातून पाच हजारांचं कर्ज घेऊन शिलाई मशीन आणणारी बाई त्या बोलीत कुठंच नाही. तिच्याकडे एक मत होतं, तेही लिलावात निघालं. देऊळ चांगलं बांधून झालं असतं, पण पुढची पाच वर्षं तिथल्या नळाला पाणी का नाही हे तिनं कुणाला विचारायचं? सरपंच म्हणाला असता, मी पद विकत घेतलंय.

आता शपथेचं. याबद्दल आपण बाया एकमेकींशी दबक्या आवाजात बोलतो, म्हणून आज मोठ्यानं बोलू.

मतदानाच्या आदल्या रात्री बायांना देवळात बोलावतात. बेल-भंडारा उचलायला लावतात, देवाच्या पायावर हात ठेवायला लावतात. कुठं लेकराच्या डोक्यावर हात ठेवून वदवून घेतात. पैसे किंवा साडी दिली असेल तर ती पक्की करायला ही शपथ. आमच्याकडच्या एका म्हातारीनं विचारलं, “देवाच्या नावानं शपथ घेतली तं ते मोडायची कशी? लेकराले काही झालं तं?” ही भीती खोटी म्हणून उडवून लावण्यासारखी नाही. आपण देवाला मानतो म्हणूनच तिचा उपयोग केला जातो. न मानणाऱ्या माणसाला कुणी भंडारा उचलायला लावत नाही.

कायदा करणाऱ्यांना ही भीती ठाऊक होती. भारतीय न्याय संहितेच्या १७१ व्या कलमात निवडणुकीत गैरवाजवी दबाव म्हणजे काय ते दिलं आहे. त्यात स्पष्ट येतं की मतदार स्वतः किंवा त्याच्या जिव्हाळ्याचं माणूस देवाच्या कोपाला बळी पडेल असं त्याच्या मनात भरवणं हा गुन्हा आहे. लेकराच्या डोक्यावर ठेवलेला हात कायद्यानं शब्दांत पकडला आहे, असं आम्हाला ते वाचताना वाटलं. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. हेच शब्द जुन्या दंड संहितेत इंग्रजांच्या काळापासून होते. लोकसभा-विधानसभेसाठी १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा आहे, त्याच्या १२३ व्या कलमातही देवाच्या कोपाची भीती घालणं भ्रष्ट आचरण ठरवलं आहे आणि त्यावरून निवडून आलेल्याची निवड रद्द होते.

झालीही आहे. १९७२ साली मुंबईच्या कुंभारवाडा मतदारसंघातून झियाउद्दीन बुखारी विधानसभेवर निवडून आले. प्रतिस्पर्धी उमेदवार खरा मुसलमान नाही, त्याच्याशी संबंध ठेवाल तर अल्ला माफ करणार नाही, अशा अर्थाची भाषणं त्यांनी केली होती. उच्च न्यायालयाने त्यांची निवड रद्द केली आणि १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. दोन्ही उमेदवार एकाच धर्माचे होते, हे लक्षात घ्या. वाद धर्माधर्मांतला नव्हता. वाद होता मतदाराच्या श्रद्धेला हात घालण्याचा.

बारा वर्षांनी त्याच मुंबईत दुसरा खटला उभा राहिला. डिसेंबर १९८७ मध्ये विलेपार्ल्याची पोटनिवडणूक झाली आणि डॉ. रमेश प्रभू निवडून आले. त्यांच्या विरोधात उभे असलेले प्रभाकर कुंटे न्यायालयात गेले. प्रचारात बाळासाहेब ठाकरे यांची तीन भाषणं झाली होती, त्यातलं एक खार-दांड्याला शंकराच्या देवळाजवळ. या भाषणांत धर्माच्या नावावर मतं मागितली, असं उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये ठरवलं आणि निवड रद्द केली. ११ डिसेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही तेच म्हटलं. पुढे प्रभू आणि ठाकरे या दोघांचाही मतदानाचा आणि उभं राहण्याचा हक्क सहा वर्षांसाठी गेला. एक खटला एका धर्माच्या उमेदवाराचा, दुसरा दुसऱ्या धर्माच्या, आणि कलम दोघांनाही तेच. “कायदा फक्त आमच्याच देवाला अडवतो” असं कुणी सांगायला आलं, तर या दोन निकालांची आठवण द्या.

त्यानंतर २ जानेवारी २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी आणखी एक प्रश्न सोडवला. तोही मुंबईतल्या सांताक्रूझच्या १९९० च्या निवडणुकीतून आलेला. उमेदवाराने स्वतःच्या धर्माच्या नावावर मत मागायचं नाही हे ठरलेलं होतं, पण मतदाराच्या धर्माच्या नावावर मागितलं तर? चार विरुद्ध तीन मतांनी निकाल झाला की तेही चालणार नाही. धर्म, वंश, जात, समाज, भाषा, उमेदवाराची असो की मतदाराची. तीन न्यायमूर्तींना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं असं होतं की जातीमुळे, धर्मामुळे लोकांवर अन्याय झाला असेल तर तो अन्याय निवडणुकीत बोलायचा नाही का? आम्हाला हा मुद्दा हलका वाटत नाही. ज्यांना पाणवठ्यावर येऊ दिलं नाही, त्यांनी जातीचा उच्चार न करता ते सांगायचं कसं?

इथंच खरी अवघड जागा येते. देवळात काय बोलायचं नाही हे कळलं. मग काय बोलायचं?

आपल्या वऱ्हाडात तर हा प्रश्न विचारणंही नवलाचं आहे. गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातले. त्यांनी कीर्तनात काय सांगितलं? कर्ज काढून सण करू नका, लेकरांना शाळेत घाला, दारू सोडा, शिवाशिव पाळू नका. तुकडोजी महाराजांनी खंजिरी वाजवत गावागावांत स्वातंत्र्याचा जोर भरला आणि १९४२ मध्ये तुरुंगात गेले. साने गुरुजी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषणाला बसले, विठोबाचं दार हरिजनांना उघडावं म्हणून. यातलं प्रत्येक बोलणं कुणाला ना कुणाला राजकारणच वाटलं होतं. देवाच्या दारात फक्त टाळ वाजावा आणि माणसाच्या दुःखाचं नाव निघू नये, असं आपल्या संतांनी कधी मानलं नाही.

म्हणून आमचा असा समज आहे, आणि तो कायद्याच्या मूळ हेतूला धरून आहे, की रेघ ओढायची ती उमेदवारापाशी आणि पक्षापाशी. महाराजांनी कीर्तनात सांगावं, दारूवर विकलं जाऊ नका. पाद्रींनी प्रार्थनेनंतर सांगावं, मतदानाला नक्की जा, मन साक्षी ठेवून द्या. मौलवींनी शुक्रवारी सांगावं, बायांना मतदान केंद्रावर जाऊ द्या. याला कुणाची हरकत नसावी. चिन्हाचं किंवा उमेदवाराचं नाव आलं, हा पापी तो पुण्यवान असं झालं, की रेघ ओलांडली.

रेघ नेहमी इतकी सरळ दिसत नाही, हेही खरं. नोव्हेंबर २०१७ मध्ये गुजरातच्या निवडणुकीआधी गांधीनगरचे आर्चबिशप थॉमस मॅकवान यांनी आपल्या लोकांना पत्र लिहिलं. पक्षाचं नाव घेतलं नव्हतं, पण राष्ट्रवादी शक्तींपासून देश वाचावा म्हणून प्रार्थना करा अशा अर्थाचं त्यात होतं. निवडणूक अधिकाऱ्यांनी त्यांना नोटीस पाठवून खुलासा मागितला. नाव न घेता बोट दाखवलं, असं काहींचं म्हणणं. आपल्या समाजाची भीती धर्मगुरूनं बोलायची नाही तर कुणी, असं दुसऱ्यांचं. आमच्यातही यावर दोन मतं पडली. निम्म्या जणींना पत्र चुकीचं वाटलं, निम्म्या जणींना नोटीस.

आमची १९८८ च्या कायद्याबद्दल एक तक्रारही आहे. त्यात “राजकीय स्वरूपाचा प्रश्न” असे मोघम शब्द आहेत. उद्या आपण सभामंडपात बसून टँकर का येत नाही, दारूचं दुकान का हटत नाही यावर ठराव केला, तर कुणी तरी म्हणेल की हेही राजकारण, उठा इथून. ज्यांना आपण नको आहोत ते हा शब्द आपल्यावरच उलटवतील. म्हणून गटाच्या इतिवृत्तात विषय नीट लिहा. पाणी, रेशन, दारूबंदीसाठी उभी बाटली आडवी बाटली. आणि निवडणुकीच्या दिवसांत कुणी उमेदवार “जरा दोन मिनिटं” म्हणून आपल्याच बैठकीत आला, तर त्याला नम्रपणे पायऱ्यांच्या खाली न्या. आपणही त्याच सभामंडपात बसतो ना.

बाहेरच्या देशातही हा प्रश्न आहे. अमेरिकेत १९५४ पासून नियम आहे की करमाफी घेणाऱ्या चर्चने उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात प्रचार करायचा नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनजवळच्या एका चर्चने १९९२ मध्ये बिल क्लिंटन यांच्या विरोधात वर्तमानपत्रात पानभर जाहिराती दिल्या आणि खाली देणग्याही मागितल्या. १९९५ मध्ये कर खात्याने त्यांची सवलत काढून घेतली. चर्च न्यायालयात गेलं आणि २००० मध्ये हरलं. पण जुलै २०२५ मध्ये त्याच कर खात्याने न्यायालयात असं मांडलं की चर्चने आपल्या उपासकांशी, आपल्या उपासनेच्या वेळी उमेदवाराबद्दल बोलणं हे घरातल्या घरात बोलण्यासारखं आहे. आपल्याला ती कल्पना लागू पडत नाही. आपल्याकडे देवळाचा कर्णा लागला की घरातल्या घरात असं काही उरतच नाही, पार बसस्टँडपर्यंत ऐकू जातं.

आतापर्यंत आपण देवळातून राजकारणात जाणाऱ्या वाटेचं बोललो. उलटी वाटही आहे, राजकारणातून देवळात येणारी. मुंबईचं सिद्धिविनायक मंदिर आणि शिर्डीचं साईसंस्थान यांच्यासाठी राज्याने वेगळे कायदे केले आहेत आणि त्यांची समिती सरकार नेमतं. निवृत्त न्यायमूर्ती टिपणीस यांच्या समितीने सिद्धिविनायकाच्या देणग्या तपासल्या तेव्हा आढळलं की कुठल्या संस्थेला पैसे द्यायचे याला काही पद्धत नव्हती, मंत्र्यांची किंवा वजनदार पुढाऱ्यांची शिफारस बघून ते दिले जात. शिर्डीची नेमलेली समिती सप्टेंबर २०२२ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने रद्द केली. भक्तानं नवस फेडायला टाकलेला रुपया कुणाची शिफारस बघून बाहेर जातो, हे त्या भक्ताला कुणी विचारत नाही.

आता आपण काय करायचं.

देवस्थानच्या विश्वस्तांमध्ये बाई आहे का बघा. बहुतेक ठिकाणी नसते. झाडलोट, सडा-रांगोळी, महाप्रसादाच्या पोळ्या आपल्याकडे आणि वही त्यांच्याकडे. विश्वस्त व्हायला बाईला कायद्यात कुठंही मनाई नाही. घटना काय म्हणते ते वाचा आणि जागा रिकामी झाली की नाव द्या. आमच्या मते बाकी सगळ्या तक्रारींपेक्षा हे जास्त कामाचं आहे. कारण माईक कुणाला द्यायचा हे विश्वस्तांच्या बैठकीत ठरतं.

माईकवरून प्रचार झाला, शपथ घालायला लावली, तर तारीख, वेळ, जागा आणि काय शब्द वापरले ते त्याच दिवशी लिहून ठेवा. फोनवर रेकॉर्डिंग झालं तर उत्तम. विधानसभा-लोकसभेच्या वेळी निवडणूक आयोगाचं सी-व्हिजिल नावाचं ॲप असतं, त्यावर फोटो किंवा चित्रफीत टाकता येते आणि तक्रार करणारीला नाव न देण्याची सोय आहे. ग्रामपंचायतीच्या वेळी निवडणूक निर्णय अधिकारी किंवा तहसीलदार, आपल्यासाठी मेहकरला. १९८८ च्या कायद्याची तक्रार पोलीस ठाण्यात. ग्रामपंचायतीचा निकाल लागल्यावर निवडणुकीला आव्हान द्यायचं असेल तर मतदार बाईसुद्धा दिवाणी न्यायालयात जाऊ शकते, पण पंधरा दिवसांच्या आत. सोळाव्या दिवशी कुणी ऐकत नाही.

एकटीनं जाऊ नका. तक्रार केली म्हणून जातपंचायत किंवा समाज वाळीत टाकण्याची धमकी देत असेल, तर त्यासाठी महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१७ पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे धमकी देणाऱ्याला शांतपणे सांगितलं तरी पुष्कळदा पुरतं.

आणि हिशेबाचं. नोंदणी केलेल्या प्रत्येक देवस्थानाला १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली हिशेब ठेवावे लागतात, तपासून घ्यावे लागतात आणि धर्मादाय कार्यालयात द्यावे लागतात. आपल्या जिल्ह्यासाठी ते कार्यालय बुलढाण्याला आहे. विश्वस्त कोण, जमीन किती, उत्पन्न किती याच्या नोंदीची नक्कल तिथं अर्ज करून मागता येते. अर्ज मराठीत, साध्या कागदावर लिहिला तरी चालतो. देवस्थानाचा नोंदणी क्रमांक मात्र अर्जात लागतो. तो वर्गणीच्या पावतीवर वरच्या बाजूला छापलेला असतो. घरात मागच्या सप्ताहाची पावती असेल तर आज रात्रीच काढून बघा, आणि पावतीवर क्रमांकच नसेल तर पहिला प्रश्न तोच विचारा.